पुण्याच्या शिबिरातून लाहोरला

फाळणीचा हिशेब मांडताना सैन्य, खजिना, रेल्वे, इतकेच काय पण सरकारी कचेऱ्यांतील टेबले-खुर्च्या यांच्या वाटणीचीही चर्चा होते. क्रिकेट संघाचीही तेव्हा वाटणी झाली होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी राहिलेले नाही. त्या वाटणीत भारताने काय गमावले याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लाहोरचे गोलंदाज फजल महमूद.

फजल यांचा जन्म १९२७ साली लाहोरला झाला. वडील तेथील इस्लामिया महाविद्यालयात प्राध्यापक होते. भल्या पहाटे उठून मैलोगणती चालावयाचे व धावावयाचे, ही शिस्त त्यांनीच मुलाला लावली. रणजी करंडक स्पर्धेत उत्तर भारताच्या संघातून खेळताना या तरुणाकडे निवड समितीचे लक्ष गेले आणि १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये दौऱ्याच्या तयारीचे शिबिर पुण्यात भरले, तेव्हा देश दुभंगत होता आणि पंजाब पेटला होता.

शिबिरानंतर पुण्याहून मुंबईला येताना आगगाडीत काही माथेफिरू फजल यांच्या अंगावर येऊ लागले. तेव्हा कर्नल सी. के. नायडू बॅट उगारून आडवे उभे राहिले, ही आठवण फजल यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. फजल मुंबईहून कराचीमार्गे लाहोरला पोहोचले. तेथील संहार पाहिल्यानंतर भारताच्या संघातून परदेशी जाणे त्यांना अशक्य वाटले व त्यांनी आपले नाव मागे घेतले. वीस वर्षांच्या तरुणाच्या त्या निर्णयाला निष्ठेच्या तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याविना गेलेला भारतीय संघ ती मालिका ४-० अशी हरला.

नव्या देशात फजल यांनी पोलीस खात्यात नोकरी धरली. १९५१ साली कराचीत एम.सी.सी.च्या संघाला पाकिस्तानने हरविले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्या विजयाने पाकिस्तानला कसोटीचे दार उघडून दिले. ऑक्टोबर १९५२ मध्ये हा संघ भारतात आला. दिल्लीची पहिली कसोटी भारताने डावाने जिंकली. लखनौच्या दुसऱ्या कसोटीत गोमतीकाठच्या मैदानावर तागाचे मॅटिंग अंथरले होते. तेथे फजल यांनी ९४ धावांत १२ बळी घेतले आणि भारत एक डाव व ४३ धावांनी पराभूत झाला. भारतासाठी निवडला गेलेला गोलंदाज पाच वर्षांनी भारताचाच कर्दनकाळ ठरला.

मॅटिंगवरचा गोलंदाज म्हणून त्यांना हिणविणाऱ्यांना १९५४ च्या ओव्हल कसोटीत उत्तर मिळाले. विजयासाठी १६८ धावा हव्या असताना इंग्लंडची मजल २ बाद १०९ पर्यंत गेली होती; तेथून सारा संघ १४३ धावांत गारद झाला. फजल यांनी ९९ धावांत १२ बळी घेतले व पाकिस्तानने सामना २४ धावांनी जिंकला. विस्डेनच्या वर्षातील पाच खेळाडूंत स्थान मिळविणारे ते पहिले पाकिस्तानी ठरले. १९५६ साली कराचीत त्यांनी ऑस्ट्रेलियाला ८० धावांत गुंडाळण्यात पुढाकार घेतला आणि त्या सामन्यात १३ बळी मिळविले. ३४ कसोटींत १३९ बळी, तेही प्रत्येकी २४.७० धावांच्या मोबदल्यात, ही त्यांची एकूण कमाई.

त्यांच्या कीर्तीला एक उणी बाजूही आहे. १९६०-६१ मध्ये ते कर्णधार म्हणून भारतात आले, तेव्हा पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. १९५२ च्या अखेरच्या दोन आणि १९५४-५५ च्या पाच धरल्या तर उभय देशांतील हा सलग बारावा अनिर्णित सामना होता. पराभवाच्या धास्तीने दोन्ही संघांनी क्रिकेटला वेठीस धरले होते आणि या पापात फजलही वाटेकरी होते.

फजल गेले म्हणून भारताची जलद गोलंदाजी खुंटली, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. फजल हे तुफानी वेगाचे गोलंदाज नव्हते. आपल्याच हवामानात, आपल्याच निर्जीव खेळपट्ट्यांवर चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याची कला त्यांनी कष्टाने साध्य केली होती. जे लाहोरला साधले ते मुंबईला किंवा दिल्लीला असाध्य नव्हते. दत्तू फडकर, रमाकांत देसाई यांनी आपल्या परीने शर्थ केली. परंतु त्यांच्यामागे परंपरा उभी राहील अशी व्यवस्था आपण केली नाही. १९७० नंतरच्या दशकात तर नवा चेंडू सुनील गावसकर व एकनाथ सोलकर यांच्या हाती द्यावा आणि त्याची लकाकी जाताच फिरकी गोलंदाजांना पाचारण करावे, हाच आपला परिपाठ झाला होता.

ही कोंडी फुटली ती ऑक्टोबर १९७८ मध्ये. सतरा वर्षांच्या खंडानंतर भारतीय संघ पाकिस्तानविरुद्ध फैसलाबादला उभा राहिला आणि त्याच कसोटीत कपिलदेव यांनी पदार्पण केले. ३० मे २००५ रोजी लाहोरला निधन पावलेल्या फजल यांना हा बदल डोळ्यांनी पाहता आला. फाळणीने आपला एक गोलंदाज नेला. पुढची तीस वर्षे मात्र आपण आपल्या हाताने दवडली.