ग्राकस बंधूंची माता कर्नेलिया

कैसरीया येथील शताधिपति कर्नेल्य ह्याचें नांव आपल्या मंडळ्यांतील मुलांसहि ठाऊक आहे. हें नांव मूळचें रोम शहरांतील एका प्राचीन कुळाचें होय. पुढें त्याच कुळांतील सुल्ला नामक सत्ताधीशानें दहा हजारांहून अधिक गुलामांस मुक्त करून त्यांस हें कुलनाम दिलें, तेणेंकरून तें सामान्य जनांतहि पसरलें. आज आम्ही ह्या कुळांतील एका स्त्रीचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों.

कर्नेलिया ही हानिबालाचा पराभव करणाऱ्या स्किपिओ सेनापतीची कन्या. तिबेरियस ग्राकस नामक थोर गृहस्थाशीं तिचा विवाह होऊन तिला बारा मुलें झालीं. पति वारला, आणि मुलांपैकीं एक मुलगी व दोन मुलगे एवढींच जगलीं. मिसर देशाच्या टॉलेमी राजानें तिला मागणी घातली असतां तिनें ती नाकारिली, आणि उत्तम ग्रीक शिक्षक ठेवून मुलांस शिकविलें. एकदां एक पाहुणी आपले दागिने दाखवूं लागली, तेव्हां कर्नेलियेनें मुलें शाळेंतून येईपर्यंत तिला थांबविलें, आणि हेच आपले अलंकार असें तिला सांगितलें, अशी कथा आहे.

त्या काळीं पुष्कळ सरकारी जमीन धनिकांनीं बळकाविली होती. थोरला मुलगा तिबेरियस ह्यानें इ. स. पूर्वीं १३३ ह्या वर्षीं कायदा करविला कीं, ठरलेल्या मर्यादेबाहेरील जमीन काढून भूमिहीनांस वांटावी. त्याच वर्षीं विरोधकांनीं त्यास व त्याच्या सुमारें तीनशें अनुयायांस ठार मारिलें. पुढें धाकटा गायस अधिकारावर येतांच त्यानें भावाचा प्रतिपक्षी आक्टेवियस ह्यास शासन करणारा कायदा मांडिला. परंतु मातेच्या विनंतीवरून तो त्यानें मागें घेतला. ज्या मातेचा पुत्र मारिला गेला होता, तिनेंच ही रदबदली केली, हें आम्हांस तिच्या अलंकारांच्या कथेहून मोठें वाटतें.

इ. स. पूर्वीं १२१ ह्या वर्षीं गायसहि प्राणास मुकला. कर्नेलिया मिसेनम येथें समुद्रकांठीं राहिली. तेथें विद्वानांचा सत्कार करी, आणि मुलांची हकीकत अश्रु न गाळतां सांगे. लोकांनीं तिचा कांशाचा पुतळा उभारिला. पुतळा नाहींसा झाला. परंतु ग्राकसांची माता असा लेख असलेली त्याची दगडी बैठक १८७८ सालीं रोम येथें सांपडली.

कर्नेलिया श्रीमंत होती. आपल्या गांवांतील बहुतेक विधवांजवळ तसें कांहीं नाहीं. तथापि मुलास वैर सोडावयास सांगण्यासाठीं धन लागत नाहीं.