सावित्रीबाई फुले : शिक्षिका आणि परिचारिका

शाळेच्या वेळात एखादे मूल घेरी येऊन पडले, कोणाचे अंग तापाने फणफणले, अथवा मैदानावर कोणाचा हात मोडला, म्हणजे पहिली धाव वर्गशिक्षकास घ्यावी लागते. पाश्चात्य देशांत या कामी शाळेत स्वतंत्र परिचारिका नेमण्याचा प्रघात आहे. न्यूयॉर्क शहरात १९०२ साली लीना रॉजर्स या बाईंस चार शाळांवर नेमण्यात आले. त्यापूर्वी खरूज, डोळे येणे असल्या विकारांची मुले नुसती घरी धाडली जात आणि घरीच राहत. या बाई त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करू लागल्या, आयांस ती शिकवू लागल्या, तेव्हा मुलांची गैरहजेरी झपाट्याने उतरली. आमच्याकडे अशी परिचारिका फार थोड्या शाळांस लाभते. बहुतेक ठिकाणी तिचे काम शिक्षकाच्याच वाट्यास येते. हे काम कोठवर जाऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका शिक्षिकेचे चरित्र पाहावे. त्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. परंतु त्यांच्या कार्याच्या या अंगाकडे लक्ष फारसे जात नाही, असे आम्हांस वाटते.

कऱ्हाडाहून सातारा ओलांडून पुण्याच्या वाटेने उत्तरेस गेले, म्हणजे खंडाळा तालुका लागतो. त्यातील नायगाव या खेड्यात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. फुले यांचे मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलेच. सावित्रीबाई सासरी आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनी करून दिली. पुढे अहमदनगरास फॅरर बाई व पुण्यास मिचेल बाई या मिशनरी स्त्रियांच्या हाताखाली त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. आम्हीही मिशनच्या शाळेत तयार झालेलो असल्याने ही गोष्ट आम्हांस थोडी अधिक जिव्हाळ्याची वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावे. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यापायी त्यांस सोसावा लागलेला छळ पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी वाचलाच आहे.

१८५६ साली त्या स्वतः आजारी पडून माहेरी नायगावास आल्या. तेथून जोतीरावांस लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे. अंथरुणास खिळलेल्या या शिक्षिकेस काळजी कशाची लागली होती, तर आपल्या मागे शाळेचा सारा भार फातिमा हिच्यावर पडला असेल, याची!

पुढे १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या व निराधार विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, असा त्याचा हेतू होता. त्या स्त्रियांची बाळंतपणे आणि तान्ह्या मुलांची निगा सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली होत असे. त्यांस स्वतःचे अपत्य नव्हते. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. त्यास शिकवून त्यांनी डॉक्टर केले. या गोष्टीचा पुढे संबंध येणार आहे. १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांस घरचा हौद खुला झाला, तोही आम्ही आरोग्याच्याच कार्यात धरतो. कारण ज्याला स्वच्छ पाणी भरू दिले जात नाही, त्यास स्वच्छतेचा उपदेश करणे व्यर्थ आहे. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात हिंडत होत्या. पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला. उपाशी पोटी धडा डोक्यात शिरत नाही, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, आणि १८९३ साली सासवड येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षस्थानही भूषविले. असो.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात शिरला. थंडी वाजून जोराचा ताप येई. जांघेत वा काखेत गाठ उठे. कित्येक रोगी थोड्या दिवसांतच दगावत. रोगाचे जंतू १८९४ साली हाँगकाँगात यर्सिन यांनी शोधून काढले होते. परंतु उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत ते माणसात येतात, हे सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले. हाफकिन यांनी मुंबईत लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. पण ती सर्वत्र मिळावयास अवकाश होता. आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. तेव्हा एकही नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा लावण्यात आला आणि आपल्या शाळांस कुलपे लागली, हे पालकांस स्मरत असेलच. लोक रोगास जितके भीत, तितकेच सरकारी रुग्णालयास भीत. म्हणून घरोघर रोगी लपविले जात. लपविलेला रोगी घरच्यांसही घेऊन जाई.

अशा वेळी सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी यशवंतास बोलावून घेतले. तो लष्करात डॉक्टर होता. रजा काढून तो आला. शहरातील गर्दीपासून दूर, हडपसर येथे ससाणे यांच्या माळावर, मोकळ्या हवेत त्यांनी दवाखाना उभारला. जातीचा विचार न करता तेथे रोगी घेतले जात. सावित्रीबाई स्वतः वस्त्यांतून हिंडून रोग्यांचा शोध घेत व त्यांस दवाखान्यात पोहोचवीत.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग यास प्लेग झाल्याचे त्यांस समजले. त्या तेथे गेल्या, मुलास पाठीवर घेतले आणि हडपसरची वाट धरली. शाळेत जाण्याच्या वयाचा पोर काही फुलासारखा हलका नसतो, आणि तापाने ग्लानी आलेले शरीर तर अधिकच जड लागते. शिवाय त्या मुलास हात लावावयास धजतील असे लोक त्या काळी, रोग नसतानाही, थोडेच होते.

या प्रसंगाचे वर्णन करताना सावित्रीबाईंच्या वात्सल्याचेच गुणगान बहुधा केले जाते. ते योग्यच आहे. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मूल पाठीवर घेतल्यानंतर कोठे जावयाचे, हे त्यांस शोधावे लागले नाही. जागा आधीच ठरलेली होती, खाटा मांडलेल्या होत्या, डॉक्टर हजर होता. आणि तो डॉक्टर घडविण्यास तर कित्येक वर्षे लागली होती. आज कोणत्या मुलास दम्याचा विकार आहे, कोणास फिट येते, पालकांचा दूरध्वनी कोठे लिहिला आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फाटकातून आत कशी येईल, हे शाळेने आधीच पाहून ठेवावयाचे असते. वर्षारंभी आम्ही पालकांकडून मुलांच्या आजारांची माहिती मागवितो, तेव्हा काही पालक, मुलीच्या बाबतीत विशेषेकरून, ती लपवितात. शाळेत नाव होईल, ही भीती आम्ही समजतो. परंतु फिट आलेल्या मुलीभोवती उभ्या असलेल्या बाईंस ते आधी ठाऊक असणे किती आवश्यक आहे, याचा त्यांनी विचार करावा.

शुश्रूषा करिता करिता सावित्रीबाईंस रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पांडुरंग त्या दुखण्यातून उठला.