स्ट्रॉबेरीच्या पैशांची दुर्बीण

नोव्हेंबर आला की हॉस्टेलची गच्ची आपोआप भरते. पी.एल. चालू असते, पण मेसमध्ये जेवून लगेच पुस्तक उघडणं कोणालाच जमत नाही. पाऊस गेलेला, आकाश घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. कोणीतरी त्यालाच सप्तर्षी म्हणतं, त्यावर वाद होतो, आणि थंडी वाजायला लागली की सगळे खाली. आपली ही दहा मिनिटं एका माणसाने बासष्ट वर्षं लांबवली. त्याचं नाव लेस्ली पेल्टियर.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेल्फॉस नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाजवळच्या एका शेतावर २ जानेवारी १९०० रोजी लेस्लीचा जन्म झाला. पाचेक वर्षांचा असताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला ताऱ्यांचा एक घोस दिसला. आईने सांगितलं, या सात बहिणी. म्हणजे आपल्या कृत्तिकाच! पण त्यानंतर बरीच वर्षं तो आकाशाकडे वळला नाही. त्याचं लक्ष होतं शेताच्या बांधावर. पक्षी, झाडं, रानफुलं, फुलपाखरं आणि पतंग यांची त्याने एकेक करून नावं शिकली. मग १९१६ सालच्या मे महिन्यात, एका रात्री घरी परतताना त्याने सहज वर पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पायाखालचं एवढं ओळखतो, आणि डोक्यावरच्या एकाही ताऱ्याचं नाव माहीत नाही? त्याने गावच्या वाचनालयातून मार्था इव्हान्स मार्टिन यांचं ताऱ्यांवरचं पुस्तक आणलं आणि पहिला तारा ओळखला. तो म्हणजे अभिजित.

मला यातली गंमत ही वाटते की आधी पक्षी आणि नंतर तारे, असा हा क्रम आहे. पक्षी पाहणाऱ्याला गप्प बसून वाट बघायची सवय असते. ताऱ्यांच्या कामात तीच उपयोगी पडली.

आता दुर्बीण हवी होती. दोन इंची दुर्बिणीची किंमत अठरा डॉलर. बापाकडे मागायची सोय नव्हती, म्हणून पठ्ठ्याने स्ट्रॉबेरी तोडायचं काम धरलं. एका क्वार्टला, म्हणजे साधारण लिटरभराच्या मापाला, दोन सेंट. करा हिशोब! नऊशे क्वार्ट स्ट्रॉबेरी कंबर वाकवून तोडली तेव्हा दुर्बीण घरी आली. दहावीच्या पुढे शाळा झाली नाही, कारण शेतावर माणसांची गरज होती.

१९११ साली अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांचं निरीक्षण करणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना निघाली होती. रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे. काम ऐकायला अगदी साधं आहे. शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून आपला तारा आज किती तेजस्वी आहे ते ठरवायचं, वेळ लिहायची, महिन्याच्या शेवटी अहवाल पाठवायचा. एका आकड्याला काहीच अर्थ नसतो, पण तोच तारा वर्षानुवर्षं पाहिला की आलेख तयार होतो. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना एवढ्या ताऱ्यांमागे रोज लागणं शक्य नव्हतं. १ मार्च १९१८ला लेस्लीने सिंह राशीतल्या अशाच एका ताऱ्याची पहिली नोंद केली.

पोरगा टिकाऊ आहे हे संघटनेच्या लवकरच लक्षात आलं. तिने त्याला चार इंची दुर्बीण वापरायला दिली. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या हेन्री नॉरिस रसेल यांनी सहा इंची पाठवली. (हेच ते हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृतीवाले रसेल.) ना डिग्री, ना ओळख, फक्त पोस्टाने गेलेले अहवाल. आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. जेसोरजवळच्या खेड्यातले राधागोविंद चंद्र हे मॅट्रिक नापास कारकून. त्यांनी तीन इंची दुर्बिणीतून याच संघटनेला हजारो नोंदी पाठवल्या आणि त्यांनाही तिने सहा इंची दुर्बीण दिली. पुढे ती वेणू बाप्पूंकडे गेली. पण तो वेगळा लेख होईल.

पेल्टियरना मिळालेली सहा इंची दुर्बीण धूमकेतू शोधण्यासाठीच होती. त्यासाठी संध्याकाळी पश्चिमेचं आणि पहाटे पूर्वेचं आकाश पट्ट्यापट्ट्याने विंचरायचं. धुरकट ठिपका दिसला की आधी नकाशात बघायचं, तिथे एखादा तारकागुच्छ किंवा तेजोमेघ तर नाही ना? नसला तर थोडा वेळ थांबून तो सरकतोय का ते पाहायचं. वर्षानुवर्षं काहीही हाती लागत नाही. ओहायोत नोव्हेंबरात झाडं पूर्ण उघडी पडलेली असतात, त्यामुळे क्षितिज मोकळं होतं. महिन्याच्या अखेरीस सूर्यास्त ते सूर्योदय चौदा तासांहून मोठी रात्र असते. कॅनडाकडून येणारे हंसबदकांचे थवे दक्षिणेला जातात, शिंगवाली घुबडं घुमायला लागतात, बिळातले प्राणी दीर्घ झोपेला निघतात. जागा राहतो तो घुबड, नाहीतर धूमकेतूवाला! अशाच दिवसांत, १३ नोव्हेंबर १९२५ला, पेल्टियरना पहिला धूमकेतू सापडला. तारीख तेरा आणि वार शुक्रवार, म्हणजे तिकडच्या लोकांच्या मते पक्का अपशकुन. पोलंडच्या विल्क यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला, म्हणून त्याचं नाव विल्क-पेल्टियर. पुढे १९५४पर्यंत पेल्टियरच्या खात्यावर बारा धूमकेतू जमा झाले. १९३६चा तर नुसत्या डोळ्यांनी दिसला.

पोटापाण्यासाठी ते गावातल्या एका कारखान्यात मुलांचं फर्निचर आणि खेळणी डिझाइन करत. १९३३ साली डोरोथींशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. मेकॅनिकलवाल्यांनी त्यांची वेधशाळा जरूर बघावी. एरवी दुर्बीण फिरली की माणसाला तिच्यामागे मान वाकडी करत फिरावं लागतं. यांनी उलटं केलं. लाकडी खोपटं, खुर्ची आणि दुर्बीण सगळं एकत्रच गोल फिरेल असं बनवलं. बसल्या जागेवरून चाक फिरवायचं, डोळा भिंगालाच. नाव दिलं मेरी-गो-राउंड. खेळणी बनवणाऱ्यालाच हे सुचायचं.

आता ती रात्र. उत्तर मुकुट तारकासमूहात टी नावाचा एक अंधुक तारा आहे. १८६६ साली तो एकाएकी भडकून नुसत्या डोळ्यांना दिसला होता आणि नंतर पुन्हा विझला. तो परत भडकेल या आशेने पेल्टियर पंचवीस वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होते. १९४६च्या फेब्रुवारीत एका रात्री अडीचला गजर झाला. आकाश निरभ्र होतं. पण घसा धरलेला, अंगात कसकस. ते पुन्हा पांघरुणात शिरले. नेमका त्याच रात्री तो तारा भडकला! दुसऱ्यांनी पाहिला, यांनी नाही. नंतर आत्मचरित्रात त्यांनी चूक स्वतःचीच असल्याचं मान्य केलं, पण त्या ताऱ्याने थोडी तरी कदर करायला हवी होती अशी रुखरुखही लिहिली. पुढेही ते त्याच्याकडे बघत राहिले, मात्र पूर्वीचा जिव्हाळा राहिला नाही. १८६६ आणि १९४६, म्हणजे ऐंशी वर्षांचं अंतर. त्या हिशोबाने २०२४पासून जगभरचे निरीक्षक पुन्हा त्याच्याकडे डोळे लावून बसले. मे-जूनच्या संध्याकाळी उत्तर मुकुट आपल्या गच्चीवरूनही छान दिसतो.

१९४७ साली बोलिंग ग्रीन विद्यापीठाने या शाळा सुटलेल्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. १९५९ साली मायामी विद्यापीठाने (हे ओहायोतलं, फ्लोरिडातलं नव्हे) आपली बारा इंची दुर्बीण घुमटासकट त्यांना देऊन टाकली. तोवर ते जेनिंग्ज ओढ्याकाठच्या झाडीतल्या मोठ्या घरात राहायला गेले होते. घराच्या एका अंगाला घुमट, दुसऱ्या अंगाला ओढा. १९६५ साली ताऱ्यांवरचं आत्मचरित्र आलं, आणि १९७७ साली दुसरं पुस्तक, ते मात्र त्या ओढ्यावर. पक्षी, झाडं, रानफुलं, सगळी लहानपणीची मंडळी त्यात परत आली.

१० मे १९८० रोजी पेल्टियर गेले. नोंदी भरल्या १,३२,०००च्या वर. मार्च १९१८पासून मासिक अहवाल एकदाही चुकला नव्हता.