डॉक्टरांच्या फाईलवर लिहिलेले ‘हाशिमोटो’ नेमके कोण होते?

यवतमाळ घ्या, वणी घ्या नाहीतर पुसद. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणारी एखादी काकू किंवा मावशी तुमच्याही ओळखीत असेल. यातल्या काहीजणींच्या फाईलवर एक वेगळंच नाव लिहिलेलं असतं, हाशिमोटो. ऐकायला मोटारसायकलची कंपनी वाटते. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस गावाकडचा डॉक्टर होता.

हाकारू हाशिमोटो यांचा जन्म ५ मे १८८१ चा. गाव जपानच्या मिए प्रांतातलं. घरात डॉक्टरकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. जपानीत हाशी म्हणजे पूल आणि मोतो म्हणजे पायथा. थोडक्यात, पुलाजवळ राहणारे. आपल्या शेजारच्या पुलगावाच्या नावात पूल आहे, तसंच.

१९०७ साली फुकुओकाच्या मेडिकल कॉलेजमधून पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात हाशिमोटो होते. पुढे तिथेच ते सर्जरी विभागात काम करू लागले. तिथे त्यांच्या अभ्यासात चार मध्यमवयीन बायकांच्या केसेस आल्या. चौघींचाही गळा सुजलेला होता.

ऑपरेशन करून काढलेला थायरॉइडचा भाग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नेहमीच्या गलगंडापेक्षा इथे चित्र वेगळं होतं. ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींनी गर्दी केली होती. हा वेगळाच आजार आहे, असं त्यांनी १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात मांडलं. लेख ३० पानांचा होता.

आजाराला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, स्ट्रुमा लिम्फोमॅटोसा. लॅटिनमध्ये स्ट्रुमा म्हणजे गळ्याची सूज. म्हणजे लिम्फोसाइट पेशींनी भरलेला गलगंड. जे दिसलं, तेच नावात आलं.

पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परत यावं लागलं. १९१६ पासून त्यांनी गावाकडेच घरचा दवाखाना सांभाळला. ऑपरेशनं करायची, पेशंटच्या घरी जायचं, असं आयुष्य सुरू झालं. संशोधन मागे पडलं ते पडलंच. ९ जानेवारी १९३४ ला टायफॉइडने त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ५२.

तोवर युरोप-अमेरिकेतले बरेच डॉक्टर हा वेगळा आजार मानतच नव्हते. थायरॉइडच्याच दुसऱ्या एका आजाराची ही पहिली पायरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन ग्रॅहम यांनी हाशिमोटोंची बाजू उचलून धरली. त्यानंतर हे आडनाव हळूहळू आजाराला चिकटलं.

खरा उलगडा १९५६ मध्ये झाला. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा पेशंटच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे शरीराचे रखवालदारच घरावर उठले होते. हाशिमोटोंनी ४४ वर्षांपूर्वी पाहिलेली पेशींची गर्दी याच हल्ल्याची होती.

अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. ऑटो हा ग्रीक शब्द, अर्थ स्वतः. इम्यून आला लॅटिनमधून. रोमन काळात ज्याला कर किंवा सरकारी काम माफ असायचं, तो इम्यून. पुढे रोगापासून सूट मिळालेला, असा त्याचा अर्थ झाला. आणि थायरॉइड? ग्रीक भाषेत थायरिऑस म्हणजे ढाल. ढालीच्या आकाराची म्हणून थायरॉइड.

आता हे आपल्याला कशाला माहीत हवं? कारण गलगंड म्हटलं की आपल्याकडे पहिलं बोट मिठातल्या आयोडीनकडे जातं. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हे खरंच आहे. पण हाशिमोटोचं कारण वेगळं आहे. मीठ बदलून किंवा मनानेच आयोडीनची औषधं घेऊन तो बरा होत नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. आणि थायरॉइड कमी काम करू लागली की येणारा थकवा हा आळस नसतो. डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

हाशिमोटो या आडनावावरून आजाराबद्दल काहीच कळत नाही. त्यांनी स्वतः दिलेलं नाव मात्र अजूनही खरं सांगतं.