डॉ. वॉल्टर डँडी : लेकरांच्या डोक्यातील पाणी

पादऱ्यात घरभेटीला गेलो असता कधी एखाद्या पाळण्यात असे बाळ दिसते, की ज्याचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे असते. आई ते टोपड्याखाली झाकते. शेजारीपाजारी कुजबुजतात, हे कोणाच्या पापाचे फळ? जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनीही असेच विचारले होते, आणि प्रभूने तो दोष आईबापांवर येऊ दिला नाही. पाणी अडते कोठे, हा खरा प्रश्न ज्यांनी धरून ठेवला, त्या डॉ. डँडी यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वॉल्टर डँडी यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी अमेरिकेतील सिडेलिया या रेल्वेच्या गावी झाला. वडील रेल्वेत होते. १९१० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९१२ मध्ये त्यांचे वरिष्ठ, प्रख्यात शल्यविशारद हार्वी कुशिंग, बॉस्टनला गेले. पण त्यांनी डँडींना सोबत नेले नाही. तरुण डँडी मागेच राहिले, आणि मागे राहून त्यांनी जे काम हाती घेतले त्याने त्यांचे नाव झाले.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तेथील रक्तवाहिन्यांच्या जाळीतून स्वच्छ पाणी सतत पाझरते. ते अरुंद वाटांनी खाली उतरते, मेंदूभोवती पसरते आणि शेवटी रक्तात मुरते. मोठ्या माणसात असे सुमारे अर्धा लिटर पाणी रोज तयार होते. वाट बंद झाली किंवा मुरणे थांबले, की पाणी साठते. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोके वाढते, टाळू फुगते आणि डोळे खाली ओढल्यासारखे दिसतात.

हे सारे त्या काळी स्पष्ट नव्हते. बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफन यांच्यासह डँडींनी कुत्र्यांच्या मेंदूतील अरुंद वाट बंद करून पाहिली, तेव्हा वरच्या पोकळ्या फुगल्या. पोकळीत रंग सोडून तो पाठीच्या कण्यातील पाण्यात उतरतो की नाही, हेही त्यांनी तपासले. रंग उतरला नाही तर वाट बंद. उतरला तर मुरण्यात दोष. १९१३ आणि १९१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९१८ मध्ये पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणाने त्यांचा आकार पाहण्याची युक्तीही डँडींनीच काढली.

उपचार मात्र सहज सापडला नाही. पाणी पाझरणारी जाळीच काढून टाकावी, म्हणून त्यांनी चार बाळांवर शस्त्रक्रिया केली, तीन दगावली. त्यांनी हे लपविले नाही, छापून प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया त्यांनी मांडली; तीही धोक्याचीच होती. डँडी स्वभावाने तापट होते, हाताखालच्यांना त्याची झळ बसे. पण शस्त्रक्रियेनंतर रोग्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे, म्हणून १९२३ मध्ये त्यांनी तीन खाटांची वेगळी खोली उघडली. १९ एप्रिल १९४६ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४९ साली, डोक्यातील पाणी झडपेच्या नळीने रक्तात सोडण्याची शस्त्रक्रिया झाली. आता बहुधा ती नळी कातडीखालून पोटात नेतात. ती तुंबते, कधी तिला जंतुसंसर्ग होतो, म्हणून पुढेही तपासणी लागते. डँडींची भोक पाडण्याची कल्पनाही दुर्बिणीच्या साह्याने परत आली. युगांडातील म्बाले येथील एका ख्रिस्ती इस्पितळात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी, नळी बदलण्यास दूरदूरच्या खेड्यांतून येणे ज्यांना जमत नाही अशा लेकरांसाठी, भोक पाडणे आणि जाळी जाळणे हे डँडींचे दोन्ही मार्ग एकत्र केले. त्यांचा अनुभव २००५ साली प्रसिद्ध झाला. जे एके काळी फसले, ते असे फळास आले.

वाचकहो, हा विकार कधी जन्मतःच अरुंद वाटेमुळे होतो, कधी पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषाबरोबर येतो. कधी अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याने, कधी गाठीने, तर कधी मेंदूच्या आवरणाच्या क्षयाने होतो. यात आईचा अपराध नाही. बाळाचे डोके झपाट्याने वाढत असेल, टाळू ताणलेली असेल, वारंवार उलट्या होत असतील, तर नवसाची वाट पाहू नका. दाबाखाली मेंदूची हानी होत राहते, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत. टोपडे बाजूला करा आणि लेकराला मोठ्या इस्पितळात घेऊन जा.