पहिली सुई स्वतःला

मुलांनो, मुंबईला परळ भागात हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची एक प्रसिद्ध संस्था आहे. तिची इमारत फार जुनी आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. हाफकिन हे नाव मराठी नाही, उर्दू नाही आणि इंग्रजीही नाही. ते एका रशियन ज्यू माणसाचे नाव आहे. हा माणूस मुंबईत का आला आणि त्याने येथे काय केले, ते आज तुम्हांला सांगतो.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ नावाचे थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. त्यांनी धर्म बदलला असता तर त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८९ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे जागा होती ती फक्त ग्रंथालयातल्या मदतनिसाची. त्यांनी ती पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या वेळी कॉलऱ्याने जगभर थैमान घातले होते. मराठीत या रोगाला पटकी म्हणतात, तुमच्या घरी वडीलधारी माणसे हैजा म्हणत असतील. हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. पण माणसाचे काय? कोणातरी माणसाला ती पहिल्यांदा टोचावी लागणारच होती. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांना लस दिली.

१८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत फिरून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हाफकिन हे वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे सरकारी खात्यातल्या पुष्कळ इंग्रज डॉक्टरांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटत नसे. पुढे याचा त्यांना फार त्रास झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एक रोगी आढळला. त्याला प्लेग झाला होता. प्लेग म्हणजे गाठीचा ताप, उर्दूत ज्याला ताऊन म्हणतात तोच. बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच लवाजमा!

मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवीत. तुपाला धरून हे जंतू खाली लोंबत वाढतात. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करायची, अशी ती रीत होती. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे, म्हणून पुढे या कामी बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. दुसऱ्याच्या मनाची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

सशांवर लस उतरली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा स्वतःलाच लस टोचून घेतली, तीही नंतर लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप चढला, टोचलेली जागा खूप दुखली, पण ते बरे झाले. मग कॉलेजातील काही लोक आपणहून पुढे आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास तयार झाले. बाकीच्यांनी ती घेतली नाही. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बाराजण आजारी पडले आणि सहाजण मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

आकडे लसीच्या बाजूचे होते. तरी तुम्ही जरा थांबून विचार करा. कैद्याला खरोखर नाही म्हणता येते का? दाराला कुलूप, बाहेर शिपाई आणि आत रोग. अशा ठिकाणी दिलेली संमती कितपत मोकळी असते? हाफकिन यांनी जबरदस्ती केली नाही, हे खरे. पण त्या काळी संमतीविषयी लेखी नियम नव्हते. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छावण्यांतील कैद्यांवर भयंकर प्रयोग केले. त्यांच्यावर न्यूरेंबर्ग येथे खटला चालला. माणसाच्या खुशीच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग करू नये, हा नियम त्या न्यायालयाने १९४७ मध्ये सांगितला. आज कैद्यांवर प्रयोग करण्याबाबत विशेष काळजी घ्यावी लागते.

बडोदे संस्थानातील उंढेरा गावची हकिकत याहून अवघड आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग पसरला होता. लसीचा खरा गुण कळावा, म्हणून प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना नाही. घर तेच, पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त सुईचा. लस घेतलेले ७१ होते, त्यांतले तिघे मेले. लस न घेतलेले ६४ होते, त्यांतले २६ मेले. या हिशेबामुळे पुढे असंख्य लोकांचा लसीवर विश्वास बसला. अशी तुलना केली नसती, तर लस उपयोगी आहे की नाही हे पक्के कळलेच नसते. पण एका भावाला लस मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशा घरात काय वाटले असेल? मी हा भाग वाचतो तेव्हा दर वेळी त्या २६ माणसांपाशी अडखळतो.

लोक मात्र घाबरलेले होते. प्लेगच्या नावाखाली सोजिर घरात शिरत, रोग्यांना उचलून नेत. पुण्यात याच संतापातून जून १८९७ मध्ये रँडसाहेबाचा खून झाला. कायद्याने लसीची सक्ती नव्हती, तरीही सरकारी सुईवर लोकांचा विश्वास कसा बसावा? अशा वेळी खोजा जमातीचे तरुण प्रमुख सर सुलतान महंमद शाह आगाखान पुढे आले. त्यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली इमारत दिली आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. मग जमातीच्या हजारो माणसांनी लस घेतली. १८९९ मध्ये परळच्या त्या जुन्या वाड्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती. बाटली परळला भरली होती, म्हणून दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे पद गेले. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते. हे सत्य पुढे यायला वर्षे लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात त्यांच्या बाजूने पत्र लिहिले. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना निर्दोष ठरवले.

ते कलकत्त्याला पुन्हा कामावर आले. परळची जागा मात्र त्यांना परत मिळाली नाही. नव्या लसीची माणसांवर चाचणी घेण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. नोकरी संपल्यावर ते युरोपात परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी धर्माचा अभ्यास आणि आपल्या लोकांची सेवा यांत घालवले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही बातमी कळल्यावर हाफकिन यांनी उत्तर पाठवले. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामातच गेली, असे त्यांनी त्यात कळवले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली सारी मिळकत ते ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवून गेले.