चेव्हरोलेट खोलून बघणारा इंजिनिअर : किइचिरो तोयोदा

फर्स्ट इयरला फाउंड्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच वाळूत हात काळे केलेत. पॅटर्न ठेवा, वाळू भरा, ठोका, पॅटर्न अलगद काढा... आणि नेमकी काढतानाच कडा ढासळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्यांदा ढासळली की आपण घड्याळाकडे बघायला लागतो. सबमिशनपुरता एक जॉब झाला की सुटलो, एवढीच आपली इच्छा.

आता जरा १९३४ सालच्या जपानमध्ये चला. नागोया शहराजवळ कारिया नावाचं गाव आहे. तिथे मागांच्या कारखान्यात एक चाळिशीचा मेकॅनिकल इंजिनिअर कामगारांबरोबर हेच करतोय. त्याला मोटारीच्या इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक ओतायचाय. ओतलेला प्रत्येक ब्लॉक फोडून बघायचा आणि भंगारात टाकायचा, असं चाललंय. ढीग वाढतोय, पैसा संपतोय, आणि घरचेच लोक म्हणतायत की हा मुलगा बापाने कमावलेलं घालवणार. या माणसाचं नाव किइचिरो तोयोदा. त्याच्या आडनावात एका अक्षराचा फरक करून जे नाव झालं ते आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे : टोयोटा!

किइचिरोचा जन्म ११ जून १८९४ चा. वडील साकिची तोयोदा हे सुताराचे पोर, पण डोक्यात सतत हातमाग आणि यंत्रमाग. शोधापायी घर विसरणारा माणूस. किइचिरो अगदी लहान असताना आई घर सोडून गेली. पोरगं अबोल झालं. पुढे तो टोकियो इम्पीरियल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, १९२० मध्ये पदवी घेतली आणि वडिलांच्या सूतगिरणीत कामाला लागला. साकिची शाळा फारशी न शिकलेले, सगळं हाताने करून बघणारे. मुलगा डिग्रीवाला, कागदावर गणित मांडणारा. बापलेकांचं जमेल का अशी शंका लोकांना होतीच. पण जमलं, आणि असं जमलं की १९२४ साली त्यांचा जी टाइप स्वयंचलित माग तयार झाला. माग पूर्ण वेगात चालू असतानाच धोटा आपोआप बदलायचा. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. एकेका कामगाराला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२६ मध्ये कारियात हे माग बनवायचा कारखाना उभा राहिला.

आता इथे व्यापाराची एक गंमत बघा. १९२२ च्या सुरुवातीला हाच किइचिरो इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला प्लॅट ब्रदर्स या कंपनीत शिकायला गेला होता. कापडयंत्रं बनवणारी ही जगातली नामांकित कंपनी. आपल्याकडच्या गिरण्यांतसुद्धा तिची यंत्रं होती. किइचिरो तिथे नवखा, वहीत टिपणं काढणारा. जवळजवळ आठ वर्षांनी, डिसेंबर १९२९ मध्ये, तो पुन्हा त्याच कंपनीत गेला, पण या वेळी शिकायला नाही. प्लॅट ब्रदर्सनेच त्याच्या मागाचे हक्क जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकी जगासाठी एक लाख पौंडांना विकत घ्यायचा करार केला! पुढे मंदीमुळे लँकेशायर कोलमडलं आणि ती रक्कम कमी करून दिली गेली, पण जगाने काय ते ओळखलं. दुसऱ्याच्या दारात शिकायला गेलेला देश तंत्र विकायला लागला होता.

पण किइचिरोच्या डोक्यात तेव्हा माग नव्हताच. त्याच प्रवासात त्याने अमेरिका पाहिली होती. रस्त्यावर मोटारीच मोटारी. आणि मायदेशात? १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियोची रेल्वे आणि ट्रॅम उद्ध्वस्त झाली, तेव्हा शहर चालवायला फोर्डच्या शेकडो चासी मागवून त्यांवर बसगाड्या बांधाव्या लागल्या. फोर्डला बाजार दिसला. १९२५ मध्ये फोर्डने योकोहामात आणि १९२७ मध्ये जनरल मोटर्सने ओसाकात कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर सुटे भाग अमेरिकेतून पेट्यांत भरून यायचे आणि जपानी कामगार ते नटबोल्टने जोडायचे. वर्षाला हजारो गाड्या अशा बाहेर पडत. अस्सल जपानी गाड्या मात्र १९३० च्या सुमारास वर्षाला काही शेकड्यांच्या पुढे जात नव्हत्या.

बदल्यात जपान अमेरिकेला काय विकत होता? मुख्यतः कच्चं रेशीम. खेड्यापाड्यातल्या बायाबापड्यांनी तुतीची पानं खुडून किडे पोसायचे, ते रेशीम अमेरिकेत मोज्यांसाठी जायचं, आणि त्या डॉलरांत मोटारी, यंत्रं, तेल, कापूस यायचा. १९२९ च्या मंदीत रेशमाचा भाव कोसळला तेव्हा हा व्यवहार किती कच्च्या धाग्यावर टांगलाय ते सगळ्यांना कळलं. आपण विकतो ती चैनीची वस्तू, आणि आपल्याला लागतं ते मात्र गरजेचं. भाव ठरवणार तिसराच. किइचिरोला हे बोचत होतं.

३० ऑक्टोबर १९३० ला साकिची गेले. मुलाने कारखान्याच्या एका कोपऱ्यात छोटं इंजिन करून बघायला घेतलं. १ सप्टेंबर १९३३ ला मोटार विभाग रीतसर सुरू झाला. मग त्याने एक नवीकोरी चेव्हरोलेट विकत आणली आणि ती पूर्ण खोलली. प्रत्येक भाग मोजला, ड्रॉइंग काढलं, धातू तपासला. आज याला आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो आणि व्हायव्हात व्याख्या सांगतो. पण खोलणं सोपं, करणं महाकठीण. मागाचे भाग ओतण्यात त्यांचा हातखंडा होता, पण सिलिंडर ब्लॉकमध्ये पाणी खेळायला आत पोकळ्या लागतात, त्यासाठी कोअर लागतात. ते कोअर ओतताना हलायचे, फुटायचे, ब्लॉकला भोकं पडायची. शेवटी तेलात मळलेल्या वाळूचे कोअर जमले. सप्टेंबर १९३४ मध्ये सहा सिलिंडरचं ए टाइप इंजिन सुरू झालं, तर ताकद चेव्हरोलेटपेक्षा कमी भरली! पुन्हा सिलिंडर हेडवर काम. मग कुठे बरोबरी झाली.

नोव्हेंबर १९३५ मध्ये पहिला ट्रक, जी वन, बाजारात आला. खरं सांगायचं तर तो ट्रक वाईट होता. वाटेत बंद पडायचा, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग तुटायचं. कंपनीची माणसं गिऱ्हाइकाकडे धावत जाऊन फुकट दुरुस्त करून द्यायची आणि काय तुटलं ते लिहून कारखान्यात आणायची. दर वेळी ड्रॉइंग बदलायचं. किंमत मात्र फोर्ड आणि जीएमपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली, तोटा सोसून. किइचिरोचा हिशेब उलटा होता. खर्च अधिक नफा म्हणजे किंमत, असं तो मांडत नसे. बाजार जी किंमत देईल तीत आपला खर्च कसा बसवायचा, हा त्याचा प्रश्न. विक्रीसाठी त्याने चक्क जीएमच्या जपानी शाखेतला हुशार माणूस फोडला, शोतारो कामिया. १९३६ मध्ये मॉडेल एए ही पहिली कार आली. नावही बदललं. जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ हा तिथे शुभ आकडा. २८ ऑगस्ट १९३७ ला टोयोटा मोटर कंपनीची नोंदणी झाली.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. हे सगळं फक्त जिद्दीवर झालं नाही. १९३६ मध्ये जपान सरकारने मोटार उद्योगाचा कायदा केला. परवाना जपानी कंपन्यांनाच, परदेशी कंपन्यांच्या उत्पादनावर मर्यादा. १९३९ पर्यंत फोर्ड आणि जीएमने तिथलं काम थांबवलं. कायद्यामागे लष्कर होतं, त्यांना चीनच्या युद्धासाठी ट्रक हवे होते. टोयोटाचे ट्रक त्या युद्धावर गेले. म्हणजे ज्या संरक्षणाच्या भिंतीआड कंपनी वाढली, ती भिंत युद्धखोरांनी बांधलेली होती. चरित्र लिहिताना आपण नायकाचे हात धुऊन दाखवतो, पण हे डाग तसेच राहू द्यावेत.

१९३८ मध्ये कोरोमो इथे नवा कारखाना सुरू झाला. तिथे किइचिरोने एक साधी कल्पना लावली. जो भाग जेव्हा हवा तेव्हाच, तेवढाच यावा, गोदामात साठा नको. जस्ट इन टाइम! इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात पाच मार्कांना येतं ते हेच. अमेरिकेकडे भांडवल, जागा, पोलाद मुबलक होतं, साठा करून ठेवणं त्यांना परवडत होतं. जपानला ते परवडणारच नव्हतं. गरिबीतून निघालेली ही युक्ती. युद्धाच्या धामधुमीत ती बारगळली, नंतर ताइइची ओनो यांनी ती पूर्णत्वाला नेली.

१४ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायच्या आदल्या दिवशी, कोरोमोवर बॉम्ब पडले. जपान हरला, अमेरिकन सैन्याचा अंमल सुरू झाला. ट्रक बनवायला परवानगी मिळाली, कारला बंदी. अशा अवस्थेत किइचिरोने आपल्या माणसांना सांगितलं की तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं! एका अमेरिकन कामगाराइतकं काम करायला नऊ जपानी लागतात असा अंदाज तेव्हा सांगितला जात होता. ऐकणाऱ्यांना हसू आलं असेल.

आणि मग १९४९ आलं. महागाई रोखायला अमेरिकन सल्लागार जोसेफ डॉज यांनी कडक आर्थिक शिस्त लावली. एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला. हाच दर पुढे जपानच्या निर्यातीला फळला, पण त्या वर्षी मात्र बाजारात पैसाच उरला नाही. ट्रक हप्त्यावर विकलेले, हप्ते येईनात. टोयोटा दिवाळखोरीच्या दारात. कंपनीने युनियनला लिहून दिलं होतं की पगारात दहा टक्के कपात मान्य करा, एकालाही काढणार नाही. बँकांनी कर्ज दिलं, पण माणसं कमी करा असं सांगून. एप्रिल १९५० मध्ये १६०० जणांना काढण्याची घोषणा झाली आणि संप पेटला.

किइचिरोपुढे दोन वाटा होत्या. शब्द पाळायचा तर कंपनी बुडते, सगळ्याच कामगारांसकट. कंपनी वाचवायची तर शब्द मोडतो. त्याने माणसं कमी करायचं मान्य केलं आणि ५ जून १९५० ला स्वतः राजीनामा दिला. ज्यांना काढलं त्यांच्याबरोबर मालकही बाहेर पडला. संप काही दिवसांत मिटला.

नियतीची थट्टा म्हणा, २५ जूनला कोरियाचं युद्ध सुरू झालं. जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने टोयोटाला एक हजार ट्रकची ऑर्डर दिली, मागोमाग आणखी आल्या. काही आठवडे आधी बुडणारी कंपनी तरली. ज्या अमेरिकेशी बरोबरी करायची तीच मोठी गिऱ्हाईक झाली. तेव्हा किइचिरो घरी होता. १९५२ मध्ये त्याला परत बोलवायचं ठरलं, तो तयारही झाला, पण २७ मार्च १९५२ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. वय फक्त ५७.

पुढचं त्याने पाहिलं नाही. १९५७ मध्ये टोयोटाची क्राउन कॅलिफोर्नियात पोचली आणि तिथल्या हायवेवर धापा टाकू लागली. १९६० मध्ये कारची निर्यात थांबवावी लागली. काय तुटलं ते लिहून आणण्याची जुनी सवय कामाला आली. १९६५ मध्ये कोरोना गेली आणि टिकली. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी अमेरिकनांना छोट्या गाड्यांकडे वळवलं. मग चित्र इतकं उलटलं की १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने आपल्याच गाड्यांवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा घालून घेतली! १९८४ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातल्या बंद पडलेल्या कारखान्यात टोयोटा आणि जीएम एकत्र गाड्या बनवू लागले. २००८ मध्ये टोयोटाने जागतिक विक्रीत जीएमला मागे टाकलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने जपानी गाड्यांवर आधी जबर जादा कर लावला, मग वाटाघाटी होऊन तो एकूण १५ टक्क्यांवर आला. १९३६ मध्ये जपानने भिंत घातली होती, आता समोरच्याने घातली. व्यापारात कोण कधी कुठल्या बाजूला उभा असेल सांगता येत नाही.

आपला याच्याशी संबंध? आमच्या मामाकडे क्वालिस होती, तिच्या मागे टोयोटा किर्लोस्कर ही अक्षरं बघत मी वाढलो. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर घडवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याशी १९९७ मध्ये टोयोटाने हात मिळवला. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्याचा करार महाराष्ट्र सरकारशी झाला. आनंदच आहे, नोकऱ्या येतील, आपल्यापैकी कोणी तिथे लागेलही. पण पेट्या फोडून नटबोल्ट आवळणं आणि ब्लॉक स्वतः ओतणं यातला फरक योकोहामा आणि कारिया या दोन गावांइतका आहे. कोणत्या गावात राहायचं ते काही अंशी आपल्याच हातात असतं.

मित्रांनो, पुढच्या वेळी फाउंड्री शॉपमध्ये मोल्डची कडा ढासळली ना, तर घड्याळाकडे बघू नका. वाळू परत चाळा. कुठे चुकलं ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मार्क नाही मिळणार त्याचे, पण लिहा.